पहिली रेघ

विद्या दिल्याने वाढते, असे थोरांनी सांगितले आहे. परंतु ती शिष्याच्या अंगी आपल्यापेक्षा अधिक शोभू लागली, तर दात्याचे मन निर्मळ राहीलच, अशी ग्वाही कोणत्याही शास्त्राने दिलेली नाही.

"मायेस्त्रो, मेणबत्ती फळीला लावताय की लुरेनच्या देवळातल्या प्रभूपुढे? दुपार होईल इथंच!" वाळूगाडीच्या टपावरून रोमुलो ओरडला.

वाकाचिनाच्या वाळवंटातल्या मोठ्या टेकडीच्या धारेवर बसून फाउस्तिनो अनिकामा घसरफळीच्या तळाला मेण घासत होता. फळी त्याच्या शिष्येची, नेल्वाची होती. तीन दिवस पाराकास नावाचा वाळूचा वारा घोंगावून गेला की टेकडी कोरी होते, आणि तिच्यावरून पहिली रेघ ओढण्याचा मान वाळूवाल्यांपैकी एकालाच मिळतो. एकतीस वर्षे तो फाउस्तिनोचा होता. काल सर्वांनी हात वर करून तो नेल्वाला दिला. तिला फळीवर गुडघे वाकवायला त्यानेच शिकवले होते; सगळे त्याला मायेस्त्रो, म्हणजे गुरुजी, म्हणत.

"वाईट नाही ना वाटलं, मायेस्त्रो?" नेल्वा जवळ येऊन म्हणाली.

"मला कशाला? गुडघे कुरकुरतात हल्ली. सांभाळ तू."

"तुमच्यासारखं नाही जमायचं मला."

हे ती मनापासून म्हणाली, म्हणूनच त्याला अधिक झोंबले. ती त्याच्याहून सरस उतरते, हे तो जाणून होता.

पहाटे ज्येष्ठाने, म्हणजे फाउस्तिनोने, अनवाणी हिंडून टाचेने वाळू चाचपायची आणि उतरणाऱ्याने त्याला विचारायचे, अशी तिथली रीत. मऊ, सरकती वाळू ती 'जागी'. वाऱ्याने वरचा थर उडवून उघडी पाडलेली टणक वाळू ती 'झोपलेली'. झोपलेल्या वाळूवर मेण लावलेली फळी आवरत नाही.

"जागी आहे का?" नेल्वाने विचारले.

उजव्या उतारावर, मध्याच्या खाली, वीसेक पावलांचा पट्टा दगडासारखा झोपलेला त्याच्या टाचेला लागला होता. नेल्वा नेहमी उजवीकडूनच उतरे.

"जागी आहे," फाउस्तिनो म्हणाला. ती एकदा चारचौघांत पडावी, एवढेच आपल्याला हवे आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

नेल्वाने पट्टे आवळले. त्याच्या शब्दावर तिने एक खडासुद्धा टाकून पाहिला नाही.

"थांब!" त्याचा आवाज फाटला. "उजवीकडे झोपलीय. डावीकडून जा."

"अहो, आत्ताच तर जागी म्हणालात!"

"खोटं बोललो."

रोमुलोचे हसू ओठांवरच विरले. धारेवरच्या सगळ्या वाळूवाल्यांनी ते ऐकले. ज्येष्ठाचा शब्द आता ज्येष्ठाचा राहिला नव्हता. नेल्वाने फळीचे तोंड डावीकडे वळवले.

"डावीकडे किती?" तिने विचारले.

"चाळीस पावलं. मग सरळ खाली. वळू नकोस."

ती उतरली. मागे उमटलेली रेघ इतकी निर्दोष होती, की फाउस्तिनोची असूया पुन्हा उफाळली. सत्य बोलल्यानेही ती शमली नव्हती.

"बसा गाडीत," रोमुलो हलकेच म्हणाला.

फाउस्तिनोने नकारार्थी मान हलवली. टेकडीला लांबचा वळसा घालून तो पायीच निघाला. त्या रेघेवर आपले पाऊल पडू नये, म्हणून.

ज्याने सत्य उशिरा सांगितले त्याचे, आणि जिने ते ऐकूनही त्यालाच वाट विचारली तिचे, दोघांचेही कल्याण असो.