घरभेटीचे पंधरा दिवस

दाराला कुलूप दिसलं की अर्ज बाद! आता ह्या नियमाला काय म्हणायचं? डिचोलीच्या त्या शाळेला आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं हवीत, आणि ती खरंच तिथं राहतात का, हे बघायला टीचर पंधरा दिवसांत कधीही, न सांगता येणार. शेवंतीचं घर त्या हद्दीबाहेर, मुळगावला, चांगलं अंगण-तुळशीचं. पण खाणीवर ट्रक चालवणारा तिचा नवरा कृष्णनाथ हट्टाला पेटलेला. आपली आनंदी जाईल तर त्याच शाळेत! त्याने शाळेजवळ सुलोचनाबाईंच्या चाळीत जास्त भाडं कबूल करून एक खोली घेतली आणि मायलेकींना तिथं आणून बसवलं.

"पंधरा दीस खंय वचूं नाका," एवढं बोलून गेला ट्रकवर.

बसवलं म्हणजे अक्षरशः बसवलं. नळावर गेली तरी शेवंतीचा एक डोळा दाराकडे. पोर अंगणासाठी रडून रडून शेवटी गप्प झाली, आणि ते गप्प होणंच शेवंतीला जास्त लागलं. दिवसभर दोघींचा एकच धडा. कुणी विचारलं तर काय सांगायचं? "आम्ही इथंच राहतो." शाब्बास!

दाराच्या खिळ्याला एक जुनी कापडी पिशवी होती. रोज सकाळी पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत यायचा आणि "गंगाबाय, पाव गो!" ओरडून तिच्यात दोन पाव टाकून जायचा. गंगा म्हणजे आधीची भाडेकरीण असणार. पण मी गंगा नव्हे म्हणावं, तर आपण नवीन आल्याचा गावभर बोभाटा. नकोच ते! शेवंती गुपचूप पाव काढून घ्यायची.

अकराव्या दिवशी टीचर आल्या. आनंदीने धडा घडाघडा म्हणून दाखवला. टीचर हसल्या, अर्जावर खूण केली आणि फायलीतून दुसरा कागद काढला.

"ह्याच खोलीच्या पत्त्यावर आणखी एक अर्ज आहे. गंगा परब, मुलगी पार्वती. त्या इथं राहतात का?"

शेवंतीची नजर खिळ्यावरच्या पिशवीकडे गेली. म्हणजे खोली रिकामी नव्हतीच, आपल्यासाठी करवली होती! हो म्हणावं, तर एका खोलीत दोन बिऱ्हाडं कशी? आपलंच बिंग फुटायचं.

"नाही," ती म्हणाली. "इथं दुसरं कुणी राहत नाही."

टीचरनी कागदावर काट मारली. खोटं काय होतं त्यात? राहत नव्हतीच गंगा! शेवंती रात्रंदिवस हेच घोकत राहिली, आणि तिला स्वतःचीच चीड आली.

दोन दिवसांनी दारात एक बाई, हाताशी आनंदीएवढी मुलगी.

"बाय, शाळेची टीचर इली काय गो? आमच्या अर्जार ह्योच पत्तो असा. मगे आमका खोली सोडूक लावली. आता ती येयसर रोज सकाळी हय येवन बसतलंय."

सांगून टाकावं, शेवंतीला वाटलं. पण सांगितलं की ही शाळेत धावणार, आणि आनंदीचं नाव जाणार.

"नाही आल्या अजून."

गंगा टीचरची वाट बघत निवांत पायरीवर टेकली. पार्वती आनंदीजवळ सरकली. "तुजा नाव काय गो?"

आनंदी ताठ उभी राहिली, हात बाजूला नीट ठेवले.

"आम्ही इथंच राहतो," ती म्हणाली. "इथं दुसरं कुणी राहत नाही."