वीस नावांचा चेहरा

मी सिलिकॉनचा चेहरा बोलतोय. मला केस नाहीत, मानेखाली काहीच नाही, पण ओठ असे भरलेले की ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावच्या या स्किन क्लिनिकात येणाऱ्या बायका मला बघून उसासे टाकतात. कारखान्यातल्या साच्यातून निघालो तो सुया खायलाच.

शिकाऊ नर्सेसनी माझ्यावर हात बसवायचा. मी कण्हत नाही, सुजत नाही, मला रक्त येत नाही. असला पेशंट कुणाला नको असतो?

कर्स्टी डोबेल आली ती सहा वर्षं म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काम करून. हात हलका, स्वभाव भित्रा. इथला नियम असा, की ओठ भरायचं इंजेक्शन एकटीनं द्यायचं तर आधी मोठ्या नर्ससमोर पंचवीस जिवंत माणसांना द्यायचं आणि प्रत्येकाची नोंद वहीत करायची. मोठी नर्स म्हणजे मॉरीन टली. तिला शेजारी उभं राहून बघायचा भारी कंटाळा. माणसं पाचच झाली, उरलेली वीस मीच. वहीत कधी मी डॉट नावाची बाई झालो, कधी श्रीमती हॅनरहन. कर्स्टी चाचरली, ही काय माणसं आहेत का म्हणाली. मॉरीननं चहात बिस्कीट बुडवलं.

"अगं, ओठ तो ओठ. हा तक्रार करत नाही, एवढाच फरक."

कर्स्टी हसली. नावं तिनंच लिहिली, मॉरीननं खाली सह्या ठोकल्या.

पुढच्याच आठवड्यात कर्स्टी एकटीनं सुई देऊ लागली, आणि ग्लेनिस पॅस्को आली. गावच्या बँडमध्ये ती तीस वर्षं ट्रम्पेट वाजवत होती. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, फोटोत जरा बरं दिसावं एवढीच हौस. दुसऱ्या सुईला तिचा वरचा ओठ पांढराफटक पडला. दुखतंय गं, म्हणाली ती. औषध रक्तवाहिनीत अडकलं की असं होतं. तिथंच थांबायचं, बोटानं दाबून रंग परततो का बघायचं आणि ते औषध विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं. ते मागच्या कपाटातच होतं. पण मी कधी पांढरा पडलो होतो का? कर्स्टीनं बर्फ लावला, थोडं होतंच असं म्हणाली आणि उरलेला ओठ पुरा केला. मी टेबलावरून नुसता बघत राहिलो. मेलं माझं जिणं!

चार दिवसांत ओठ काळा पडला. मग त्याचा तुकडा कापून काढावा लागला.

चौकशीची माणसं आली, तेव्हा मॉरीननं वही पुढे सरकवली. मुलगी पूर्ण तयार होती, तरी हलगर्जी केली, त्याला मी काय करू, म्हणाली. कर्स्टी रडत माझ्याकडे बोट दाखवू लागली, ही वीस माणसं म्हणजे हा आहे म्हणाली. त्यांनी वही तिच्याकडे फिरवली.

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

तिचा नर्सचा परवाना गेला. मॉरीनला ताकीद मिळाली. ग्लेनिस कोपऱ्यात बसली होती. तिनं एकच विचारलं, माझ्याआधी खरी माणसं किती होती? ओठ मिटत नसल्यानं तिला ते दोनदा विचारावं लागलं. कर्स्टीनं पाच बोटं वर केली.

बायांनो, त्या खुर्चीत पडाल तेव्हा लाजू नका. सुई धरणाऱ्या हाताला आधी ग्लेनिसचा हाच प्रश्न विचारा. त्या खोलीत मला तोंड उघडता येत असतं, तर तुमच्यावर विचारायची वेळ आणली नसती.

सोमवारी नवी मुलगी रुजू होणार आहे. मॉरीननं मला पुसून टेबलावर ठेवलंय.