पोत्यातल्या खाणी

आमच्या घरात पोत्यातून पास झाल्याशिवाय काहीही जमिनीत जात नाही. हा नियम माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे. बियाण्याच्या पिशवीतले शंभर दाणे मोजायचे, ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या रांगांनी मांडायचे, पोतं गुंडाळून सावलीला ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि सातव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर पेरायचं. एकोणसत्तर उगवले तर पिशवी परत दुकानात. बियाण्याच्या कंपन्यांसाठी नावाजलेल्या जालना जिल्ह्यात राहून माझी आई, गिरिजाबाई, एकाही कंपनीच्या छापील शब्दावर विश्वास ठेवत नाही. एकदा एक साहेब टेंभुर्णीला घरी येऊन नव्वद टक्के उगवणीची हमी देत बसले होते. आईनं त्यांना चहा दिला आणि ते उठायच्या आत शंभर दाणे भिजू घातले.

मी जालन्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. त्यामुळे घरात पैशाबद्दल मला कुणी काही विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी मोसंबीची शेवटची तोड झाली. झाडं अठरा वर्षांची, थकलेली. ती काढून नवी बाग लावायची ठरलं होतं, आणि नव्या बागेचं फळ हाती यायला पाच वर्षं. शेवटच्या तोडीचे चार लाख आले. या चार लाखांवर आई-अण्णांना ती पाच वर्षं काढायची होती. बाग आईच्या नावावर, म्हणून पैसेही तिच्याच खात्यात. अण्णांच्या, म्हणजे आमचे वडील तातेराव यांच्या, नावावर घरात फक्त मतं आहेत.

त्यातलं ताजं मत त्यांनी जेवताना मांडलं.

"आपुन खाण घेऊन राह्यलोत."

"कुठं?" आईनं विचारलं.

"झारखंडात. कोळशाची."

"बघून आले?"

"शेअर घेयाचेत, गिरिजे. शेअर घेताना खाण बघायला कोनी जात न्हाई."

"मंग बिलकुल न्हाई."

दुसऱ्या दिवशी अण्णा कल्याणला घेऊन आले. कल्याणचं गावात बी-बियाणं-खताचं दुकान. गेल्या वर्षापासून तो खताच्या पोत्यावर बसून शेअर घेतो. त्यानं मोबाइल आईपुढं धरला. 'भूगर्भलक्ष्मी कोल अँड गॅस' नावाच्या कंपनीची रेघ डाव्या कोपऱ्यातून निघून उजवीकडं आभाळात गेली होती.

"काकू, तीन महिन्यात चौदाचा एकतीस झाला. जल्दी करा. समदे चार लाख टाका."

"तुझ्या दुकानातली तूर बी जल्दीच आल्ती," आई म्हणाली. "बावन्न उगवले."

कल्याणनं मोबाइल खिशात ठेवला. वीस वर्षं आई त्याच्याकडून बियाणं घेते आणि वीस वर्षं ते पोत्यात घालते. त्याचा हा अपमान दर मृगाला होतो.

संध्याकाळी आईनं मला फोन केला. "श्रीपती, शेअर भिजू घालता येत्यात का?"

मी तिला समजावलं. बाजार म्हणजे बियाणं नव्हे. दहा कंपन्यांच्या एका वर्षावरून काहीच सिद्ध होत नाही. मागचा नफा पुढची खात्री देत नाही. वीस मिनिटं बोललो.

"म्हंजे येत्यात," ती म्हणाली. "दहा खाणी घे. एकेक शेअर. कोळसा, गॅस, लोखंड, मँगनीज, तांबं, जे निघतं ते. कल्याणची बी घाल, न्हाईतर म्हनंल काकूनं डावललं."

गॅस म्हणजे आपला चहाचा सिलिंडर नव्हे, नैसर्गिक वायू निराळा, असं मी सांगू लागलो. "दोन्ही जळतात ना? मंग घे," म्हणून तिनं फोन ठेवला.

दहा कंपन्यांचे दहा शेअर तीन हजार चारशे साठ रुपयांत आले. बाकीचे पैसे बँकेत मुदत ठेवीत गेले. आईनं एक जुनं पोतं धुतलं आणि त्यावर दाभणानं दहा खिसे शिवले. प्रत्येक खिशावर कंपनीचं नाव माझ्या अक्षरात. पोतं स्वयंपाकघरात, कॅलेंडरच्या जागी लागलं. कंपनीनं नफ्यातला वाटा खात्यात टाकल्याचा मेसेज आला, की आई त्या खिशात सोयाबीनचा एक दाणा टाकी. वाटा साडेपाच रुपये असो की साठ पैसे, दाणा एकच. उगवलं की न उगवलं, एवढंच पोत्याला कळतं.

टेंभुर्णीसारख्या गावात ही बातमी दुपारपर्यंत राहिली तर खूप राहिली. पारावर अण्णांचं बसणं अवघड झालं.

"तातेराव, आज खाणीतून किती गाड्या निघाल्या?"

"गाड्या कशाच्या? एका शेअरची खाण ती. पाटीभर निघालं असंल!"

अण्णांनी आईशी बोलणं भाकरी आणि मीठ एवढ्यावर आणलं. त्यात कल्याणचा शेअर थांबायचं नाव घेईना. संक्रांतीला चाळीस, पाडव्याला एकोणपन्नास, आखाडात अठ्ठावन्न. त्यानं दुकानाला नवं शटर लावलं.

एका रविवारी आई अंगण झाडताना थांबली. "तवाच घेतले अस्ते तर किती झाले अस्ते?"

"साडेसात लाख."

ती झाडू टेकवून आत गेली आणि भूगर्भलक्ष्मीच्या खिशात बोट घालून बघून आली. खिसा रिकामा. मग तिनं उरलेलं अंगण झाडलं, पण त्या दिवशी तुळशीपुढचा कचरा तसाच राहिला. माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

इथं एक गोष्ट मी आईला सांगितलेली नव्हती. पाडव्याला, भाव एकोणपन्नास असताना, मी स्वतः त्या कंपनीत साठ हजार घातले होते. अर्थशास्त्राचे प्राध्यापक बाजारात असेच जातात, सगळे जाऊन आल्यावर.

श्रावणात आई म्हणाली, "बियाण्यावाले शिवारफेरीला नेतात. पीक दाखवतात. खाणीवाले काहीच दाखवत न्हाईत का?"

मी म्हणालो, वार्षिक अहवाल असतो. एक शेअर असला तरी छापील प्रत मागता येते.

"मंग मागव. दहाच्या दहा."

मी दहा पत्रं पाठवली. भादव्यात पोस्टमन सायकलवर दहा जाडजूड पुस्तकं घेऊन आला आणि इथं कोण परीक्षेला बसलंय म्हणून विचारू लागला. सलग चार रविवार मी आईला अहवाल मराठीत वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत ऐके आणि प्रत्येक कंपनीला तेच तीन प्रश्न विचारी: खाण कुठं? औंदा किती निघालं? देणं किती? अहवालात कंपनीचे साहेब फोटोत हसतात, ते ती बघतही नसे.

शेवटच्या रविवारी भूगर्भलक्ष्मी काढली. कागद सगळ्यांत गुळगुळीत होता.

"खाण कुठं?"

मी पानं उलटली. अडतिसाव्या पानावर बारीक अक्षरात होतं. "खाण… प्रस्तावित आहे. जमीन घ्यायची आहे. मंजुऱ्या यायच्या आहेत."

"म्हंजे पेरलीच न्हाई अजून. मंग उत्पन्न कशाचं?"

"दोन ट्रक भाड्यानं दिलेत, त्याचं."

आईनं तांदळातून खडा काढला, बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा वर पाहिलं. पुस्तकाकडं नाही, माझ्या तोंडाकडं.

"तुझे किती हायेत त्याच्यात?"

कॉलेजातल्या पेपरफुटीच्या चौकशांत साक्ष दिलेला माणूस मी. माझ्या तोंडावरून कुणाला काही कळत नाही असा माझा लौकिक आहे. मी म्हणालो, "साठ हजार."

शेजारी अण्णा होते. एवढ्या महिन्यांत ते पहिल्यांदा हसले. मग हसणं आवरून म्हणाले, "त्याच्या कॉलेजात पोतं नसंल गं."

"उद्या विकून टाक," आई म्हणाली. "पर आधी कल्याणला सांग. त्याला कळल्याबिगर तू सुटायचं न्हाई."

मी पुस्तक घेऊन तसाच दुकानात गेलो. कल्याणनं अडतिसावं पान उभ्या उभ्या वाचलं.

"सर, तुमी शिकवता ते बराबर हाय. पर मार्केट येगळं राह्यतं. मंजुरी आली की शंभर."

सोमवारी मी पंचावन्नला विकले. सव्वासात हजार नफा झाला. आईनं नव्या बागेच्या ठिबकचा खर्च सांगितला, तो बरोबर सव्वासात हजार भरला.

पुढच्या आठवड्यात भाव रोज पाच टक्क्यांनी पडू लागला, आणि पडताना घ्यायला कुणी उभंच राहीना. विकायला काढलेले शेअर संध्याकाळी तसेच परत. कल्याणचे पावणेदोन लाख आत होते. महिनाभरात भाव सतरावर आला. पारावर आता खाणीबद्दल कुणी विचारत नव्हतं.

धनत्रयोदशीच्या सकाळी आईनं पोतं खुंटीवरून काढलं आणि ओसरीवर पसरलं. अण्णा आपणहून समोर येऊन बसले. एकेक खिसा उलटा केला. कुठं दोन दाणे, कुठं एक, एका सरकारी कोळसा कंपनीच्या खिशात तर चार. तीन खिसे कोरडे. अण्णांनी मोजले, आईनं मोजले, मग मला मोजायला लावले.

"दहात सात," मी म्हणालो. आणि संशोधकाचं कर्तव्य म्हणून पुढं म्हणालो, "पण आई, या सातांतल्या दोघांचा भाव गेल्या वर्षापेक्षा खाली आहे. आणि कोळसा आणखी किती वर्षं चालेल सांगता येत नाही."

"मोसंबी तरी किती वर्षं चालली? रोज बघायचं. थकली की काढायची." तिनं दाणे ओंजळीत घेतले. "दहात सात म्हंजे शंभरात सत्तर. पेरा."

सगळं एका वाफ्यात नाही. निम्मे पैसे मुदत ठेवीत राहिले, निम्मे सात खाणींत पातळ पेरले. दर खरेदीला बँकेचा ओटीपीचा आकडा तिच्या मोबाइलवर येई, ती एकेक अंक मोठ्यानं वाचे, आणि अण्णा तो माझ्या लॅपटॉपवर एका बोटानं दाबत. सातवा आकडा त्यांनी दाबला. "झालं," ते म्हणाले, आणि टोपी नीट केली.

दिवाळीनंतर कल्याण आला. दारातच उभा राहिला, काखेत एक कोरं पोतं.

"काकू, हे… खिसे कसे शिवायचे?"

आईनं त्याला आत घेतलं, चहा दिला. दाभण काढून हातात ठेवलं. "बियाणं तुझ्या दुकानातलं, पोतं बी तुझ्याच दुकानातलं. वीस वर्षं तुझ्यासमोर करून राह्यले मी."

"मला वाटायचं तुमचा माझ्यावर भरोसा न्हाई."

"न्हाईच," आई म्हणाली. "सुतळी दुहेरी घे."

पुढं कल्याणच्या दुकानात पाटी लागली: बियाणे घरी भिजवून पाहूनच पेरावे. त्या वर्षी त्याचा धंदा का वाढला, हे त्याला अजून समजलेलं नाही.

आमच्याकडं पाव्हणे आले, की अण्णा पूर्वी बाग दाखवायला न्यायचे. आता बाग गुडघ्याएवढी आहे, म्हणून ते आधी स्वयंपाकघरात नेतात आणि पोतं दाखवतात. परवा लाईट गेली, सगळा पार महावितरणला शिव्या देऊ लागला.

"कोळसा कमी पडला असंल," कुणीतरी म्हणालं, आणि चार माणसांनी अण्णांकडं बघितलं.

अण्णांनी घसा साफ केला. "खाणीचा कारभार आमची मंडळी बघती," ते म्हणाले. "घरी गेलो की इचारतो."