तांडेलच्या बरगड्या

कारवानी कुत्र्याचं पोट पाठीला लागलेलंच असतं, जातच तशी, हे आमच्या आख्ख्या मांडवी गावाला सांगून मी दमले. सत्याऐंशी साली आमच्या ह्यांनी गोदीतल्या सोलापूरकर मित्राकडून हे पिल्लू आणलं, तांडेल नाव ठेवलं आणि सुट्टी संपताच मुंबईला निघून गेले. निस्तरायला मी! तांडेल रोज सहा भाकऱ्या आणि पाटीतले उरलेले बांगडे फस्त करायचा, तरी बरगड्या लांबून मोजता याव्यात अशा. शेजारची गोदा मुद्दाम दारात येऊन विचारायची, "काय गो कमळा, कुत्र्याला खायला घालतस काय नाय?"

एरवी मी तिला पुरून उरले असते. पण माझ्या लेकीला, मैनाला बघायला हर्णैची माणसं यायची होती. मुलगा चांगला, घरची होडी, आणि मैनाच्याही मनात भरलेला. त्याची आई बकुळाबाय मात्र खाण्यापिण्याची भारी हौशी. दारात असला सांगाडा बघून ती उंबऱ्यातूनच मागे फिरेल, या धास्तीनं माझा जीव टांगणीला लागला.

शेवटी मी ह्यांचं जुनं बनियन तांडेलच्या अंगात चढवलं. भर मे महिन्यात! पाहुणे टेकले, पोहे आले. बकुळाबाय कुत्र्याकडेच बघत राहिली.

"सर्दी झालीय त्याला," मी म्हटलं.

तेवढ्यात गोदाची मांजर अंगणातून पळाली. कारवानी कुत्र्याला पळतं काही दिसलं की संपलंच. तांडेल सुटला, बनियन कुंपणाला अडकून टरकन फाटलं. मांजर माडावर चढली, आणि हा उघडाबंब परत येऊन बकुळाबायच्या पायाशी धापा टाकत बसला.

बकुळाबायनं बशी खाली ठेवली. आधी तांडेलकडे बघितलं, मग मैनाकडे. पोर मुळातच काडी, त्यात त्या कार्टीनं गाल आत ओढून घेतले!

"अगो बाय माझे!" बकुळाबायचे डोळे भरून आले. "कुत्र्याची ही दशा, तर पोरीला काय मिळत असंल? याच महिन्यात लगीन उरकू. आमच्याकडं पोटभर जेवंल तरी."

माझा नुसता संताप झाला. माझ्याच हातचं खाऊन वाढलेली पोर, आणि मी तिला उपाशी मारते? बोलायला तोंड उघडलं, तोच मैनानं माझा पाय दाबला. तिच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता.

मी पदर डोळ्यांना लावला.

"काय करणार बाय," म्हटलं, "आमच्याकडं कुणाला पुरतच नाय."