संसदेसमोरच्या खानावळीतली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. लंडनला संसदेसमोरच्या खानावळीत स्वयंपाकघराच्या दारावर मला टांगले आहे. सभागृहात मतदान पुकारले की इकडे मी ठणाणा करते. आठ मिनिटांत तिकडची दारे बंद होतात. एके काळी माझा आवाज ऐकून भलेभले पुढारी ताटावरून उठून पळत. आता सगळ्यांच्या खिशात फोन आले. मला कोणी पुसतही नाही, आणि मालक म्हणतो, "ही भवानी एकदा काढून टाकायला हवी."

त्या संध्याकाळी माझ्याखाली खासदार मोर्वेना ट्रेगिअर बसल्या होत्या. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये. त्यांच्या किनाऱ्यावरच्या गावातले एकुलते एक प्रसूतिगृह बंद करायचे की नाही, यावरच मतदान होते. समोर ते बंद करू पाहणाऱ्या विरुद्ध पक्षाचे म्हातारे ऑल्डस फेनविक. दोघांनी जोडी जमवली होती. बाईंना मतदानाला जाता येत नाही, म्हणून फेनविकनीही जायचे नाही; दोन्हीकडचे एकेक मत कमी. अशी जोडी केवळ शब्दावर चालते.

मी वाजले. तोच फेनविक यांच्या पक्षाचे प्रतोद क्रॉस्बी धापा टाकत आत आले.

"ऑल्डस, उठा! एकेक मत मोलाचं आहे. जोडीचं नंतर निस्तरू."

"आणि मी काय, लंगडत मागे येऊ?" बाई म्हणाल्या.

"बाई, हे राजकारण आहे."

फेनविक खुर्ची सरकवून उठले. माणसांना धावायला लावणे हेच माझे काम. पण त्या दिवशी प्रथमच वाटले, माझे कोणी ऐकू नये.

फेनविकनी समोरच्या टेबलावरची मोहरीच्या चटणीची वाटी उचलली आणि परत येऊन बसले.

"क्रॉस्बी, मासळी गार होतेय. तुम्ही पळा, दारं लागतील."

"साहेब तुम्हाला सोलून काढतील!"

"काढू देत. म्हातारं कातडं आहे, वेळ लागेल त्यांना."

क्रॉस्बी पाय आपटत गेले. मी वाजायची थांबले. दारे लागली असणार. जरा वेळाने बाईंचा फोन वाजला. निसटत्या मताधिक्याने प्रसूतिगृह वाचले होते. बाई हसल्या, मग घळाघळा रडल्या.

"हरलो ना आम्ही? मग तुमच्या ताटातले बटाट्याचे चिप्स तरी इकडे द्या," फेनविक म्हणाले.

मित्रांनो, मला केवढे हायसे वाटले! हवे तर मला भिंतीवरून काढा. पण मी वाजत असतानाही जागचा न हलणारा असा माणूस भेटला, तर त्याला मात्र जिवापाड जपा.