साताऱ्यात पळी, मिरजेत भोपळा

शुक्रवारी सकाळी साडेदहाला इलाहीभाईंच्या तंबोऱ्याच्या दुकानाची वेबसाइट सुरू झाली, आणि पहिला फोन साताऱ्याहून आला.

"इलाहीभाई, तुम्ही भांडीही विकायला लागलात का हो?" शरयूबाईंनी विचारलं.

शरयूबाई साताऱ्यात गाण्याचा वर्ग चालवतात. वर्गासाठी चार तंबोरे घ्यायचे हे ठरलं होतं. मिरजेत कुणाकडून घ्यायचे, ते ठरायचं होतं. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे प्रश्न दुकानातल्या तिघांनीही ऐकला. इलाहीभाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी अफसाना कॉम्प्युटरकडे पाहू लागली. पुतण्या अफताब पुढच्या गादीवर बसला होता, तो गालातल्या गालात हसला.

त्या गादीचाच तर सगळा प्रश्न होता. दुकानात येणारा माणूस गादीपाशी थांबतो; गादीवरचा माणूस तंबोरा लावून दाखवतो आणि व्यवहार ठरतो. अफसाना आतल्या खोलीत भोपळ्यांवर वेलबुट्टी काढायची. तिचा कान आपल्यापेक्षा तयार आहे हे अफताबही कबूल करायचा, पण गादी सोडायचा विषय निघाला की त्याची पाठ धरायची. शेवटी इलाहीभाईंनी तोडगा काढला होता. "साताऱ्याची ऑर्डर तुज्या वेबसाइटवरनं आली तर गादी तुजी. न्हाई आली, तर पुन्ना इषय काढायचा न्हाई."

"भांडी कुठं दिसली, बाई?" अफसानानं विचारलं.

"अगं, वर टॅबवर. तुमच्या नावाआधी ती पळी आहे ना, आमटीची?"

वेबसाइट उघडली की ब्राउझरच्या टॅबवर नावाआधी येणारं इवलंसं चित्र अफसानानं आदल्या दिवशी तंबोऱ्याच्या फोटोवरून केलं होतं. काम सोपं होतं. फोटो चौकोनी कापायचा, मागची भिंत पुसायची आणि चित्राचं चिन्ह करून देणाऱ्या एखाद्या फुकट साइटवर चढवायचा. अडचण एवढीच, की जागा सोळा ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच, आणि तंबोरा माणसाच्या छातीपर्यंत येणारा. "नुसता भोपळा घेऊ या," ती म्हणाली होती. त्यावर इलाहीभाई खवळले होते. "दांडी छाटलेला तंबोरा? बकरा हाय व्हय त्यो? आक्खा घे." तिनं अख्खा घेतला. सोळा ठिपक्यांत खुंट्या गेल्या, तारा गेल्या, उरली ती पळी.

"मी आक्खा घे म्हनलं व्हतं," फोन ठेवल्यावर इलाहीभाई म्हणाले. "पळी घे म्हनलं नव्हतं."

"अब्बा, अख्खा घेतला म्हणूनच पळी झाली."

"ते मला ठावं न्हाई. आपल्या गल्लीत नाव पडाया येळ लागत न्हाई. शेजारच्याला अजून 'फुटकी सतार' म्हनत्यात, आन् ती त्याच्या आज्यानं फोडली व्हती. पळी आत्ताच्या आत्ता काढ."

"चाचा, पाटीच बदलू की," अफताब म्हणाला. "तंबोरे व आमटी मिळेल."

"तू गप रं."

अफसानानं इलाहींचा 'इ' घेऊन पाहिला. त्याचं खालचं वळण एवढ्याशा जागेत असं काही आखडलं, की अफताब म्हणाला, "शिराळ्याचा नाग आला वाटतं." तंबोरा तिरका करून पाहिला, तर ते मुसळ झालं. शेवटी तिनं मुकाट्यानं दांडी छाटली आणि नुसता भोपळा ठेवला. गोल, तांबूस, लांबूनही ओळखू येणारा.

"पहिल्याच दिवशी भोपळा!" अफताबनं टाळी वाजवली.

"सूर भोपळ्यातनंच येतुया, गाढवा." इलाहीभाईंनी चष्मा वर सरकवून पडद्यावर नाक टेकवलं. "ह्ये बेस. मी आधीपास्नं ह्येच म्हनत व्हतो."

अफसानानं बाईंना फोन लावला. "बाई, चित्र बदललं. आता बघा."

"पळीच आहे की."

झालं होतं असं, की ब्राउझर एकदा पाहिलेलं चिन्ह स्वतःजवळ साठवून ठेवतो आणि नवीन आलंय का, हे विचारायची तसदी लवकर घेत नाही. अफसानाला ते ठाऊक होतं; दुकानातल्या कॉम्प्युटरवर साठलेली पळी तिनं मघाशीच पुसून घेतली होती. "जाईल हो बाई, एक-दोन दिवसांत आपोआप."

"जाईल? अगं, मुळीच घालवू नकोस! मिरजेतली सगळी दुकानं उघडून ठेवलीयेत मी. सगळ्यांच्या टॅबवर सतार नाहीतर वीणा, मुंग्या बसल्यासारख्या. कुठलं कुणाचं ते कळत नाही. तुमचंच तेवढं चटकन सापडतं. वर्गातल्या पालकांनाही सांगितलंय, पळीवाल्यांची साइट बघून घ्या. त्यांचं मत आलं की ऑर्डर भरते."

अफसानानं फोन ठेवला. पालक साइट पहिल्यांदाच उघडणार, म्हणजे त्यांना दिसणार भोपळा. पळीवाले शोधायला निघालेली माणसं भोपळ्यावर कशाला थांबतील? बापाला विचारावं म्हणून तिनं मागं पाहिलं. इलाहीभाई समोरच्या चहावाल्याला हाताला धरून आणून भोपळा दाखवत होते. "नीट बग. पोरीनं केलाय, पर डोस्कं माजं."

चहावाला गेल्यावर तिनं साइटवर गुपचूप पळी परत चढवली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर भोपळा जागचा हलला नाही. त्यानंही पाहिलेलं साठवून ठेवलं होतं. बाप खूश होता, बाई खूश होत्या, आणि दोघांचंही बरोबर होतं. हे किती दिवस टिकेल, ते मात्र अफसानाला सांगता आलं नसतं.

शनिवारी दुपारपर्यंत साताऱ्यातून बऱ्याच जणांनी साइट उघडली, ऑर्डर कुणी भरली नाही. दारावरच्या पाटीचा दिवा लागेना, म्हणून तिची वायर हलवून पाहायला अफताब गादीवरून उठला, आणि जाता जाता कॉम्प्युटरपाशी थबकला.

"चाचा, ह्यो लय हळू चालतोय. आत साठलेलं जुनंपानं समदं पुसून टाकू का?"

"पूस की. इचारतोस काय?"

साठलेलं पुसलं की भोपळा जाऊन पळी दिसणार होती. अफसानानं तोंड उघडलं, तेवढ्यात दारात गिऱ्हाईक उभं राहिलं. कराडहून आलेलं जोडपं होतं, बाईच्या हातात तुटक्या तारेचा तंबोरा. गादी रिकामी होती. अफसाना जाऊन बसली, तंबोरा मांडीवर घेतला आणि खुंटी पिळू लागली. इलाहीभाईंनी तारांचं वेटोळं तिच्यापुढे सरकवलं. अफताबच्या पडद्यावरची हिरवी पट्टी अर्ध्याच्या पुढे सरकली होती, आणि साताऱ्याहून अजून काही आलं नव्हतं.