शेवटच्या रिळातलं लग्न

कोकिळा अंगणात बसून सिनेमा धूत होती. बांगडीवाल्याला जुनी फिल्म वितळवून बांगड्या करायच्या होत्या, पण त्याला ती चित्रं खरवडून कोरी केलेली हवी होती. म्हणून, फिल्म भसकन पेटते या भीतीनं चुलीपासून लांब, सोड्याचं कढत पाणी घेऊन ती बसली होती. मांडीवर तान्ही रजनी पेंगत होती.

फिल्म तिच्या वडिलांची. मुक्या सिनेमाच्या काळात दिगंबरआबा तंबूत मशीन फिरवायचे. त्यातला हा एकच खेळ त्यांच्यापाशी राहिला होता. दुसरीकडे त्याचा तुकडाही उरला नव्हता. नवराबायको भांडतात, पंचांसमोर काडी मोडून वेगळे होतात आणि शेवटच्या रिळात त्यांचंच पुन्हा लग्न लागतं. बऱ्हाणपूर तेव्हा पोट धरून हसलं होतं. तेव्हापासून कुणी नवऱ्यापासून सुटायचं नाव काढलं की आबा हाच खेळ सांगायचे.

आजही सांगत होते, कारण दारात तिच्या सासरची, दापोऱ्याची बैलगाडी उभी होती. कापूस फुटला की तिचा नवरा विनायक तिला न्यायला यायचा. वेचून वेचून ती आजारी पडली की माहेरी आणून टाकायचा.

"एवढे राजेरजवाडे एका देशात मिसळले, बेटा," आबा म्हणाले, "तुला एका घरात मिसळता येईना?"

"राजांना सरकारचा तनखा लागू झाला, आबा. मला ताप काढायलाही इथं यावं लागतं."

तिनं पट्टी उन्हात धरली. काडी मोडणाऱ्या बाईच्या कडेवर पोर होतं, आईची वेणी ओढत. लग्नाच्या पट्टीत बाई तीच, पण चेहरा कोवळा, आणि पोर कुठंच नाही.

"आबा, लग्नात पोर कुठं गेलं?"

"असंल मामाकडं."

"अंगावर पिणारं पोर? लग्न आधीचं आहे, आबा. तुमच्या हातून रिळं मागंपुढं झाली. शेवट काडीमोडीचाच होता."

"लोक तर हसत घरी गेले," आबा पुटपुटले.

"लोक गेले. मला मात्र तुम्ही परत परत नांदायला धाडलं."

रजनी कुरकुरली. ओले हात लुगड्याला पुसून कोकिळेनं तिला थोपटलं. आवाज चढवायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"मी जात नाही. पंच बोलवा."

"वेचणी झाल्यावर पाहू ना."

"वेचणीच्या आधी."

आबांनी तिच्या हातातली पट्टी घेऊन डोळ्यांसमोर धरली, खाली ठेवली आणि टोपी घालून बाहेर गेले.

"जावईबापू," त्यांचा थकलेला आवाज आत आला, "बैल सोडा. आज गाडी भरायची नाही. तुमच्याकडच्या पंचांना निरोप धाडायचाय."